निळी खळ

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१६ जानेवारी १९५७

चि. नंदास आशीर्वाद.

तुझ्या आठवीच्या वर्गाला मी नव्या वह्या दिल्या, त्याला खर्च किती आला, असं तुझी आई काल जेवताना विचारत होती. म्हटलं, काहीच नाही. कागद दुकानचा, आखणी आपल्याच यंत्रावरची, शिवण पिराजीची, आणि एस.टी.च्या टपावर गठ्ठा टाकायला कंडक्टर ओळखीचा. चहासुद्धा तुमच्या हेडमास्तरांनीच पाजला. आई वाढता वाढता थांबली. म्हणाली, "आन् पोरगी संक्रांतीला घरला आली न्हाई, ते कुठल्या खात्यात घातलंसा?"

ते मी घातलं नव्हतं. आता घालतो. ते धरलं तर या वह्या मला फार महाग पडल्या, हे कबूल. तिळगुळाचा डबा आईनं अजून कुणाला हात लावू दिलेला नाही.

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "माझ्या मुलींच्या जुन्या वह्या परत पाठवा. त्या येईपर्यंत मी घरी येणार नाही." खाली नाव. 'सा. न.' सुद्धा नाही.

रागावलीस ते समजतं. नाताळच्या सुट्टीत तू इथं आईजवळ होतीस, आणि मी "गडहिंग्लजच्या दुकानदारांना भेटून येतो" असं सांगून निघालो तो थेट तुझ्या शाळेत. तुमच्या हेडमास्तरांना, हंबीररावांना, गाठलं, सुट्टीत मुली बोलावल्या, आणि दोन दिवसांत अख्ख्या वर्गाच्या गणिताच्या आणि शास्त्राच्या पक्क्या वह्या लिहून घेतल्या. तुला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तू नको म्हटल्यावर करणं म्हणजे तुझा अपमान. म्हणून विचारलं नाही.

आता माझी बाजू ऐक. साऱ्या जिल्ह्यात पोरांना दोन वह्या असतात. कच्चीत खाडाखोड करायची, आणि मग फळ्यावरचं बरोबर उत्तर सुबक अक्षरात पक्कीत उतरवायचं. शाळा तपासायला येणारा साहेब बघतो ती पक्की. तू पक्की बंदच केलीस. एकच वही, शाईनं लिहायचं, पान फाडायचं नाही, चुकलं तर नुसती एक आडवी रेघ मारायची म्हणजे चूक वाचता येईल, आणि शेजारी लिहायचं की मी का चुकले. हे उत्तम शिक्षण असेल. पण तुझी नोकरी कायम व्हायची मार्चमध्ये, तपासणी जानेवारीत, आणि हंबीरराव चारचौघांत म्हणत होते, "बाईंच्या वर्गाच्या वह्या म्हणजे उकिरडा." मी हे माझ्या कानानं ऐकलं. माझे कान तुला माहीत आहेत.

मी चौथी शिकलेला माणूस. पुढचं वाचन सगळं रद्दीवर केलं. दुसऱ्याच्या दुकानात चोपड्या शिवत होतो तेव्हापासून साहेबलोक बघत आलोय. साहेब वही उघडतो, पहिलं पान बघतो, शेवटचं बघतो, अक्षर बघतो, सही करतो. आत काय लिहिलंय ते वाचणारा साहेब अजून जन्माला यायचाय. आणि आम्ही नुसतं उतरवून नाही घेतलं, दुरुस्तही केलं. तुझ्या मुलींनी पाण्याला उकळी कुणी सत्त्याण्णव अंशांवर लिहिली होती, कुणी अठ्ठ्याण्णव. हंबीररावांनी पुस्तक काढून दाखवलं. शंभर. मग सगळ्या वह्यांत शंभर केलं.

जुन्या वह्या दोन पोत्यांतून मी इकडे आणल्यात. त्यांची काळजी नको.

दुकानाचं ठीक चाललंय. जूनचा माल आत्तापासून करून ठेवावा लागतो, म्हणून पुठ्ठ्यांची घाई आहे. रद्दी कागदांना खळ लावून एकावर एक चिकटवायचे आणि दाबाखाली ठेवायचे. लहानपणी तू त्या दाबावर चढून बसायचीस. परवा पिराजी घमेलं घेऊन आला. "मालक, खळ निळी दिसाय लागलीया." म्हटलं, अरे, त्यात मोरचूद असतं, निळी दिसणारच. "पर मालक..." म्हणाला, तोवर मी त्याला सगळं समजावून सांगितलं, की मोरचूद आहे म्हणून आपल्या पुठ्ठ्याला कसर लागत नाही, आणि कोल्हापुरात दुसरा एक दुकानदार दाखव खळीत मोरचूद घालणारा. तो डोकं खाजवत गेला. तुझ्या शास्त्राच्या तासाला असतं ते मोरचूद हेच. बघ, बापाचा धंदा आणि तुझं शास्त्र अगदीच लांब नाहीत.

अप्पा


२९ जानेवारी १९५७

चि. नंदा,

तुझं पत्र नाही. पण बातमी आली.

तुमच्या शाळेतली बायडाबाई लेकीच्या बाळंतपणाला कोल्हापुरात आली होती, ती पत्ता विचारत दुकानावर आली. फळीवर बसली आणि म्हणाली, "तुमी नंदाबाईंचं वडील न्हवं? मग आदी पाणी द्या. शिव्या मागनं देत्ये."

पाणी दिलं. मग तिनं सांगितलं ते असं. तुला ठाऊकच आहे, पण मला काय ठाऊक झालंय ते तुला कळावं म्हणून लिहितो.

"सायेब आलं. म्हातारं न्हाई, पोरसवदा हाय. म्या चा घिऊन हुबी. त्येनी एक वही उगडली, दुसरी उगडली, मग खाली मान घालून समद्याच वाचाय लागलं. चा निवला, पर कपाला हात न्हाई. मग इचारलं, 'हेडमास्तर, या वर्गातल्या प्रत्येक मुलीचं पाणी बरोबर शंभरला उकळलं?' हेडमास्तर म्हणालं, 'होय साहेब, पुस्तकात तसंच आहे.' तर सायेब हसलं. म्हणालं, 'पुस्तकातलं पाणी समुद्राकाठचं आहे. तुमचं गडहिंग्लज उंचावर. इथं अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळी फुटते. या मुलींनी भांडं चुलीवर ठेवलं तरी होतं का?'"

नंदा, हे ऐकताना मला तुझ्या मुलींचे आकडे आठवले. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. तुझ्या मुलींनी बघून लिहिलं होतं. आम्ही न बघता दुरुस्त केलं.

मग म्हणे तू उठलीस आणि म्हणालीस, "या माझ्या वर्गाच्या वह्या नाहीत." आणि हंबीररावांनी, ज्यांनी स्वतः पुस्तक काढून मुलींना शंभर सांगितलं, त्यांनी वही उलटी करून मागचं पान साहेबांपुढं धरलं. तिथं आपल्या दुकानाचा शिक्का आहे, माझं नाव आहे. "बाईंनीच लिहून घेतल्या, साहेब. वह्या बाईंच्या वडलांच्या कारखान्यातल्या."

तो शिक्का मी हौसेनं करून घेतला होता. घराघरात माझं नाव पोचावं म्हणून.

बायडाबाई म्हणाली, "बाईनी तुमचं नाव घेतलं न्हाई. म्या आसत्ये तर घेतलं आसतं. बापाचं न्हाई घ्यायचं तर कुणाचं घ्यायचं?" आणि मग तिनं कबूल केल्याप्रमाणे शिव्या दिल्या. त्या इथं लिहीत नाही.

साहेब जाताना म्हणाले ते तिनं नीट लक्षात ठेवलंय. खऱ्या वह्या असतील तर दाखवा. चंदगडची तपासणी उरकून अठरा फेब्रुवारीला परत येताना थांबतो. त्या बघितल्या की बाईंवर माझा विश्वास बसेल. नाहीतर लेखी शेरा द्यावा लागेल, आणि त्या शेऱ्यावर नोकरी कायम होणार नाही. इथंही नाही आणि दुसरीकडेही नाही.

म्हणजे वेळ आहे. पोती बघतो. पिराजीनं जागा करायला कुठंतरी हलवली असतील. तू धीर सोडू नकोस.

आईनं एवढंच विचारलं, "पोती हायती न्हवं?" मी म्हटलं, असतील की.

अप्पा


७ फेब्रुवारी १९५७

चि. नंदा,

पोती नाहीत.

पिराजीनं हलवली नाहीत. मीच सांगितलं होतं त्याला. गडहिंग्लजहून आलो त्या दिवशी तो विचारायला आला, "मालक, ही रद्दी कशात घालायची?" आणि मी कोट काढता काढता म्हणालो, पुठ्ठ्यात. आमच्याकडे कोरी वही ती वही, आणि भरलेली वही ती रद्दी. आयुष्यभर असंच चालत आलंय. तुझ्या लहानपणीच्या वह्याही अशाच गेल्या. तेव्हा तू काही बोलली नव्हतीस, किंवा बोलली असशील आणि मी ऐकलं नसेल. कान तिखट आहेत म्हणतात ते बाजारापुरते.

आईला सांगितलं. त्या दिवसापासून ताटात भाकरी पडते, शब्द पडत नाही.

तुला वाटेल, याला त्या वह्यांची किंमत कळलीच नव्हती. तसं नाही. परत येताना एस.टी.त मी एक पोतं पायाशी घेऊन बसलो होतो. घाटात गाडीचं चाक बसलं. दुसरा उद्योग नव्हता म्हणून एक वही काढली. धोंडुबाई नावाच्या मुलीची. तिनं मोरचुदाचा खडा वाढवायचा प्रयोग लिहिला होता. पाण्यात मोरचूद विरघळवून दोऱ्याला बारीक खडा टांगायचा आणि तो दिवसेंदिवस मोठा होतो, असं काहीतरी. तिनं लिहिलं होतं, "खडा वाढला नाही. पुन्हा केला. पुन्हा वाढला नाही. चंपीचा वाढला. मी सारखी दोरा वर काढून बघत होते म्हणून असेल. आता बाईंनी सांगितल्याप्रमाणे आठ दिवस हात लावणार नाही. फार अवघड जाते."

मी मोठ्यानं हसलो. शेजारी हुपरीचे एक पावणं होते, त्यांना वाचून दाखवलं. तेही हसले. म्हणाले, "पोरगी खरं लिवतीया की!" मग आम्ही तिचं गणित काढलं. अपूर्णांकांचा भागाकार. सगळा चुकलेला, त्यावर आडवी रेघ, आणि शेजारी लिहिलेलं, "मला वाटले भागले की लहान होते. पाव शेरात अर्धा छटाक किती वेळा मावतो हे मापाने मोजून बघितल्यावर कळले की मोठे पण होते." पावणं म्हणाले, हे मला आत्ता कळलं. मलाही तेव्हाच कळलं होतं, पण मी तसं दाखवलं नाही.

गाडी दुरुस्त झाली. मी वही पोत्यात टाकली आणि चिकोत्र्याच्या पुलाअलीकडे मला झोप लागली.

आता ऐक. दोन वाटा आहेत. एक अशी, की मला वाचलेलं विसरत नाही हे तू जाणतेस. त्या दिवशी मी पाचसहा वह्या तरी वाचल्या. त्या शब्दाला शब्द मी सांगतो, तू मुलींकडून जुन्या कागदावर लिहून घे. कागदाला चहाचं पाणी लावलं की तो वर्षभर वापरलेला दिसतो, ते काम माझं. चुका सगळ्या जिथल्या तिथं ठेवू. खडा वाढला नाही म्हणजे नाही. साहेबाला शंका येणार नाही.

दुसरी अशी, की सगळे पुठ्ठे अजून विकलेले नाहीत. त्या पोत्यांतल्या कागदाचा ढीग दाबाखाली आहे, त्यावर वरचा निळा कागद चढायचाय. ते पुठ्ठे भिजवून सोडवता येतील का, बघतो.

मला पहिली वाट बरी वाटते. तुझं उत्तर आलं की कामाला लागतो.

अप्पा


१६ फेब्रुवारी १९५७

चि. नंदा,

तुझं कार्ड आलं. "अप्पा, मुलींकडून मी पुन्हा काही लिहून घेणार नाही. तुम्हाला अजून कळलेलं नाही." याही वेळी 'सा. न.' नाही. पण 'अप्पा' लिहिलंस. आईनं ते कार्ड माझ्याकडून वाचून घेतलं आणि पोलक्यात ठेवलं.

मग मी पुठ्ठे काढले. पिराजी म्हणाला, तुमी बसा, म्या करतो. मी त्याला हात लावू दिला नाही. मागच्या अंगणातलं मोठं पिंप भरलं, त्यात पुठ्ठे सोडले. थोड्या वेळानं थर सुटायला लागले. मी एकेक कागद अलगद काढून दोरीवर घातला, आई धुणं घालते तसा. आई दारात येऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी बोलली. म्हणाली, "ह्येच्यावर काय बी न्हाई वो."

काही नव्हतं. दौतीत वडी विरघळवून केलेली शाई, ती कुठं टिकते? सगळे कागद कोरे. कुठं अंगावर निळसर झाक, कुठं तीही नाही. सगळं अंगण कोऱ्या कागदांनी भरलं. फक्त मुलींनी शिसपेन्सिलीनं काढलेल्या आकृत्या तेवढ्या राहिल्या होत्या. एका कागदावर चंबू, चंबूत दोरा, दोऱ्याला एवढासा खडा. खाली नाव असेल, ते गेलं. धोंडुबाईचाच असावा असं मी म्हणतो. चंपीचा असता तर खडा मोठा असता.

आकृत्यांचे कागद वाळवून आईजवळ दिलेत. ती उद्या सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे निघालीय. मी म्हटलं, मी येतो, साहेबापुढं उभा राहून सांगतो की हे सगळं मी केलं. आई म्हणाली, "तुमी नगासा येऊ. तुमी ग्येलासा की कायतरी करून येतासा, आन् मग त्ये पोरीला निस्तराय लागतं." तेव्हा मी कबुली लिहून, सही करून तिच्याजवळ दिलीय. हंबीरराव म्हणणार, बापानं लेकीसाठी लिहिलंय. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. आई किती दिवस राहणार, असं मी विचारलं. तिनं ट्रंक मोठी घेतलीय.

आणखी एक सांगतो. सांगावं की नाही यावर दोन दिवस घालवले. गुरुवारी दुकानात एक तरुण मास्तर आला, राजारामपुरीत भावाकडे उतरलेला. खडू, डस्टर आणि वह्या बघायला आला होता. बोलका होता. म्हटलं, कुठल्या शाळेत? म्हणाला, "अजून आदेश हातात नाही, पण हेडमास्तरांनी शब्द दिलाय. मार्चपासून गडहिंग्लज, मुलींची शाळा. गणित आणि शास्त्र." मी विचारलं, आधीच्या बाईंचं काय? "त्या राहणार नाहीत म्हणतात. काहीतरी वह्यांची भानगड."

म्हणजे अठराला साहेब येवोत न येवोत, हंबीररावांचं आधीच ठरलंय.

त्यानं विचारलं, पक्की वही कुठली चांगली? मी वही काढली, उघडून दाखवली, कागदावर नख ओढून शाई फुटत नाही ते दाखवलं. सवयीनं. तो नमुन्याला एक घेऊन गेला. तो गेल्यावर मला कळलं मी काय केलं.

तू घरी ये, असं मी लिहीत नाही. तुझी अट मला ठाऊक आहे आणि ती माझ्या हातून पुरी होणार नाही. नोकरी गेली तर त्या गावात कशी राहशील, आई जवळ असेल का, पुढं कुठली शाळा घेईल, हे सगळं डोक्यात फिरतं. पूर्वी असं काही फिरायला लागलं की मी उठून कुणाला तरी भेटायला जायचो आणि काम करून यायचो. आता बसून राहिलोय.

तिळगुळाचा डबा आई घेऊन येतेय.

अप्पा

ता. क. पत्र मिटता मिटता राहिलं म्हणून लिहितो. अक्षर इतकं कसं गेलं याचा राग मी पिराजीवर काढला. म्हटलं, मोरचूद जास्त घातलंस, त्यानं शाई खाल्ली. तो घमेलं धुवत होता. धुवायचा थांबला. "कसलं मोरचूद, मालक? दिवाळीला तुमीच म्हणालासा, लढाईनं बोटी अडकल्यात, म्हाग झालंय, ऱ्हाऊ दे. खळ निळी झाली ती त्या पोरींच्या शाईनं. म्या घमेलं घिऊन त्या दिशी त्येच सांगाय आलतो." मी आत जाऊन फडताळातला डबा उघडून बघितला. दिवाळीपासून आपल्या खळीत मोरचूद नाही.